थंडीतला ताबो: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

हिमाचलच्या स्पिती खोऱ्यातला ताबो मठ इ.स. ९९६ मध्ये उभा राहिला. पश्चिम तिबेटातल्या गुगे राज्याचा राजा येशे-ओ याच्या काळात, थोर भाषांतरकार रिन्चेन झांगपो (९५८–१०५५) यांच्या कार्यातून तो घडला असं परंपरा सांगते. तेव्हापासून इथली पूजा चालू आहे. हल्ली महाराष्ट्रातून ‘विंटर स्पिती’ला जाणारे बरेच आहेत, आणि त्यांतले पुष्कळसे ताबोला अर्धा तास थांबून पुढे काझाला निघून जातात. आमच्या मते हे उलटं व्हायला हवं. मुक्काम ताबोला ठेवावा आणि बाकीचं त्याच्या सोयीनं बसवावं. या अंकातली उत्तरं तोच हिशेब धरून दिली आहेत.

प्रश्न (पुणे): थंडीत मठ उघडा असतो का? अटल बोगदा झाल्यामुळे आता मनालीकडून बाराही महिने जाता येतं असं ऐकलं, ते खरं का? आणि कोणता महिना निवडावा?

मठ उघडा असतो. मात्र थंडीत काही भिक्षू खाली उबदार भागात जातात आणि जुन्या मंदिरांना कुलूप असतं. ज्यांच्याकडे किल्ली असते त्या लामाजींना शोधून विनंती करावी लागते. आल्याआल्या नव्या मठाच्या आवारात चौकशी करा आणि दुसऱ्या दिवशीची वेळ ठरवून घ्या. संध्याकाळी चार वाजता पोहोचून ‘आत्ताच दाखवा’ असा धोशा लावू नका. त्या वेळी आत काही दिसतही नाही.

बोगद्याबद्दलचा समज चुकीचा आहे, आणि या एका समजापायी दर वर्षी लोक फसतात. २०२० साली सुरू झालेला अटल बोगदा तुम्हाला लाहौलमध्ये, म्हणजे सिस्सू-केलाँगच्या बाजूला नेतो. स्पितीचा रस्ता ग्राम्फूहून फुटतो आणि साडेचार हजार मीटरहून उंच असलेल्या कुंझुम खिंडीतून जातो. ती खिंड साधारण नोव्हेंबरपासून मे-जूनपर्यंत बर्फाखाली असते. त्यामुळे थंडीत एकच वाट उरते: सिमला, नारकंडा, रामपूर, रेकाँग पिओ, पूह, खाब, नाको, सुमदो, ताबो. परतीचा रस्ताही तोच. तो मध्येच बंद झाला तर दुसरी वाट नाही, हे मनाशी पक्कं धरूनच तारखा ठरवा.

महिन्याचं म्हणाल तर, भिंतीवरची चित्रं निवांत पाहायची असतील तर डिसेंबरचा पहिला पंधरवडा उत्तम. थंडी कडक असते, पण मोठे हिमपात बहुधा व्हायचे असतात आणि रस्ता कोरडा मिळण्याची शक्यता जास्त. जानेवारी ते मार्च या काळात पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी हिमवादळं, एकामागून एक येतात. तेव्हा पांढरंशुभ्र खोरं दिसतं, पण रस्ता दोन-तीन दिवस बंद पडणं ही नेहमीची गोष्ट. मोठ्या हिमपातानंतर रस्ता उघडला म्हणून लगेच निघू नका. ताजं बर्फ उतारावरून कोसळण्याचा धोका पहिल्या एक-दोन दिवसांत सर्वांत जास्त असतो.

प्रश्न (नाशिक): आई ६६ वर्षांची आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे. चालते-फिरते चांगली. तिला न्यावं का? आणि उंचीचा त्रास होऊ नये म्हणून मुक्काम कसे करावेत?

आधी मुक्काम. ताबोची उंची सुमारे ३,२८० मीटर. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर एका रात्रीतून दुसऱ्या रात्रीत झोपण्याची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा गिर्यारोहणातला जुना आणि पारखलेला नियम. त्याप्रमाणे दिवस असे लावा.

पहिला मुक्काम नारकंडा (सुमारे २,७०० मीटर) किंवा सिमला. दुसऱ्या दिवशी कल्पा (सुमारे २,९६० मीटर), आणि तिथे दोन रात्री. या मधल्या दिवसात गावात फिरावं, नुसतं पडून राहू नये. चौथ्या दिवशी सकाळी निघून थेट ताबो. ताबोला दोन रात्री, जमल्यास तीन. त्यानंतर काझा (सुमारे ३,६५० मीटर) आणि तिथून दिवसभरासाठी ‘की’ मठ.

बहुतेक सहलींच्या आखणीत कल्पानंतर नाकोला मुक्काम असतो, कारण ते वाटेत पडतं. पण नाको सुमारे ३,६२५ मीटरवर आहे, म्हणजे ताबोपेक्षाही साडेतीनशे मीटर उंच! कल्पाहून एकदम साडेसहाशे मीटर चढून तिथे झोपायचं आणि दुसऱ्या दिवशी खाली ताबोला यायचं, यात डोकेदुखीशिवाय पदरी काही पडत नाही. नाकोचा मुक्काम जाताना नको, परतताना ठेवा. तोवर शरीर रुळलेलं असतं आणि तिथली जुनी मंदिरंही नीट पाहता येतात.

आता आई. चालत्या-फिरत्या व्यक्तीला निव्वळ वयामुळे नाही म्हणण्याचं कारण नाही. पण थंडीनं रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे रक्तदाब वाढतो. उंचीवरही पहिले काही दिवस तो वर जातो. दोन्ही गोष्टी एकत्र आल्यावर घरी ताब्यात असलेला दाब तिथे ताब्यात राहीलच असं नाही. जाण्यापूर्वी डॉक्टरांना ‘३,६०० मीटर, उणे २० अंश’ हे आकडे सांगून विचारा. नुसतं ‘हिमाचलला जातोय’ म्हटलं तर त्यांना मनाली वाटेल. मोजण्याचं यंत्र बरोबर ठेवा. गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध असेल तर ते मुद्दाम सांगा, कारण कोरड्या थंडीत तहान लागत नाही आणि शरीरातलं पाणी कमी होतं.

उंचीच्या त्रासावर प्रतिबंध म्हणून ॲसिटाझोलामाइड १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. पण ते डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्यायचं. सल्फा औषधांची ॲलर्जी असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय हात लावू नये. डोकं दुखणं, मळमळणं, झोप न लागणं इथपर्यंत असेल तर आहे त्याच उंचीवर थांबा. चालताना तोल जाणं, बसल्याजागी धाप लागणं, बोलण्यात गोंधळ, फेसाळ खोकला यांपैकी एकही दिसलं तर सकाळची वाट न पाहता खाली उतरवा. काझाला आरोग्यकेंद्र आहे, मोठं रुग्णालय रेकाँग पिओला. ताबोहून पिओला उतरलात की एक हजार मीटर उंची कमी होते, आणि तोच सर्वांत मोठा उपचार.

हृदयविकार, दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल तर मात्र आमचं उत्तर स्पष्ट आहे. थंडीत नको, सप्टेंबरमध्ये न्या.

प्रश्न (कोल्हापूर): स्वतःची डिझेल गाडी घेऊन जायचा विचार आहे. काय तयारी लागेल?

पिओपर्यंत स्वतःची गाडी आणि पुढे किन्नौर-स्पितीचा स्थानिक चालक, ही आमची शिफारस. बर्फावर गाडी चालवण्याची सवय सह्याद्रीच्या घाटात होत नाही.

तरीही न्यायची असेल तर पहिली गोष्ट इंधन. डिझेलमध्ये मेणासारखा अंश असतो. तापमान फार उतरलं की तो घट्ट होऊन फिल्टर चोंदतो, आणि सकाळी इंजिन फिरतं पण पेट घेत नाही. मैदानातून भरून आणलेलं डिझेल याला जास्त बळी पडतं. गाडी रात्री भिंतीच्या आडोशाला, सकाळचं ऊन थेट बॉनेटवर पडेल अशी लावा आणि बॉनेटवर जुनी गोधडी टाका. गाडीखाली शेकोटी पेटवण्याच्या भानगडीत पडू नका. ऊन येईपर्यंत थांबा, दहा-साडेदहाला बहुधा सुरू होते. टाकी पिओजवळ पोवारीला काठोकाठ भरा. पुढचा खात्रीचा पंप काझालाच.

कूलंट आणि पाणी निम्मे-निम्मे असायला हवेत. आपल्याकडे गॅरेजात वर्षानुवर्षं नुसतं पाणी टाकून पातळ केलेलं असतं, ते तिथे गोठून रेडिएटर फोडतं. बॅटरी तीन वर्षांपेक्षा जुनी असेल तर बदलूनच निघा, कारण थंडीत तिची ताकद बरीच घटते. रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका. ओले झालेले ब्रेक जागच्या जागी गोठून चाक अडकतं. गाडी गियरमध्ये ठेवा आणि चाकांना दगड लावा. वायपर काचेपासून उचलून ठेवा. काचेवर बर्फ जमलं तर गरम पाणी ओतू नका, काच तडकते.

साखळ्या ज्या चाकांना इंजिनाची ओढ मिळते त्यांनाच लावायच्या. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीच्या मागच्या चाकांना साखळ्या लावून लोक चढावर अडकलेले दिसतात. घरी असतानाच दोनदा लावून-काढून पाहा. अंधारात, उणे दहात, हातमोजे घालून ते पहिल्यांदा शिकता येत नाही. साखळी लावल्यावर वेग ताशी ३० किलोमीटरच्या आत, आणि कोरडा रस्ता आला की काढून टाकायची.

वेळेचा हिशेबही नीट समजून घ्या, कारण दोन धोके एकमेकांच्या उलट चालतात. सकाळी लवकर रस्त्यावर काचेसारखं पातळ बर्फ असतं. सावलीतल्या वळणावर ते डोळ्यांना दिसत नाही, रस्ता नुसता ओला वाटतो. दुपारी ऊन चढल्यावर डोंगरातलं गोठलेलं पाणी सुटतं आणि रात्रभर बर्फानं धरून ठेवलेले दगड खाली येतात. पूहच्या अलीकडे-पलीकडे आणि नाकोजवळच्या मलिंग नाल्यात हे ठळकपणे होतं. म्हणून ऊन रस्त्यावर आलं की निघायचं आणि दगडांचे पट्टे शक्यतो भर दुपारच्या आत ओलांडायचे. अशा ठिकाणी फोटोसाठी थांबणं नको.

बसनं जाणाऱ्यांसाठी: हिमाचल परिवहनची रेकाँग पिओ–काझा गाडी सकाळी सुटते आणि ताबोवरूनच जाते. रस्ता जिथपर्यंत उघडा असेल तिथपर्यंतच जाते, म्हणून आदल्या संध्याकाळी स्थानकावर विचारा. चालक त्या रस्त्याचे रोजचे, त्यामुळे बस हा कमी प्रतीचा पर्याय समजू नका.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): अजिंठा अनेकदा पाहिलंय. ताबोला ‘हिमालयातलं अजिंठा’ म्हणतात. आत नेमकं काय आणि कोणत्या क्रमानं पाहावं? मार्गदर्शक मिळाला नाही तर?

हा प्रश्न आल्याचा मनापासून आनंद झाला. तुलना अर्धी बरोबर आहे. दोन्हीकडे चित्रं मातीच्या गिलाव्यावर, गिलावा वाळल्यानंतर काढलेली आहेत. पण अजिंठ्याला गिलाव्यामागे बसाल्टचा कातळ आहे. ताबोत मागे उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांची भिंत, आणि डोक्यावर लाकडी तुळया, काटक्या आणि माती यांचं सपाट छप्पर. सगळी इमारतच मातीची. बाहेरून पाहिलं तर शेतघरासारखी वाटते, आणि कित्येक जण बाहेरूनच ‘एवढंच?’ म्हणून वळतात.

आवारात नऊ मंदिरं आणि अनेक छोरतेन म्हणजे स्तूप आहेत. वेळ थोडा असेल तर सगळी धावत पाहण्यापेक्षा मुख्य मंदिराला, त्सुगलाखांगला, दीड तास द्या.

दार पूर्वेकडे आहे. आत शिरल्यावर आधी प्रवेशकक्ष लागतो, तिथून कोणीही घाईनं पुढे जातं. तसं करू नका. इथली चित्रं ९९६ च्या पहिल्या टप्प्यातली आहेत. त्यांत राजा येशे-ओ आणि त्याच्या परिवाराची चित्रं आहेत, खाली तिबेटी लिपीत नावं लिहिलेली. रेषा साधी आणि काहीशी ठोकळेबाज आहे. ती डोळ्यांत साठवून मग आतल्या सभागृहात जा, म्हणजे पुढचा बदल आपोआप कळेल. ४६ वर्षांनी, १०४२ मध्ये, येशे-ओच्या घराण्यातल्याच जांगछुब-ओ यानं मंदिराचा जीर्णोद्धार केला, तशी नोंद आतल्या शिलालेखासारख्या लेखात, भिंतीवर शाईनं, आहे. त्या टप्प्यातल्या कामावर काश्मिरी शैलीचा स्पष्ट ठसा आहे. कमनीय देह, नाजूक नक्षीची वस्त्रं, गोलाई देणाऱ्या छटा. काश्मीरमधल्या त्या काळच्या मंदिरांची भित्तिचित्रं आज जवळजवळ उरलेली नाहीत. म्हणून ती शैली कशी होती हे समजून घ्यायला ताबोसारखीच ठिकाणं आधाराला आहेत.

सभागृहात डोळे अंधाराला सरावायला पाच-सात मिनिटं द्या, टॉर्च लगेच लावू नका. हळूहळू भिंतीतून पुढे आलेल्या मूर्ती दिसू लागतील. माणसाएवढ्या, भिंतीवर डोक्याच्या उंचीच्या वर बसवलेल्या, कमळांवर बसलेल्या, अशा ३२. माती न भाजता, आत लाकडाचा सांगाडा घालून घडवलेल्या या मूर्ती हजार वर्षं भिंतीला धरून आहेत. मागच्या बाजूला चार देहांचा वैरोचन बुद्ध, पाठीला पाठ लावून चार दिशांकडे तोंड केलेला. हे सगळं मिळून वज्रधातू मंडल, म्हणजे वैरोचनाभोवती देवतांची ठरावीक मांडणी, होतं. एरवी मंडल कापडावर किंवा भिंतीवर सपाट रंगवलेलं पाहतो. इथे ते खोलीएवढं मोठं करून उभं केलंय आणि तुम्ही त्याच्या आत उभे आहात. हे एकदा लक्षात आलं की मूर्ती सुट्या-सुट्या दिसत नाहीत.

आता मूर्तींच्या खालचा पट्टा. नेहमीप्रमाणे प्रदक्षिणेच्या दिशेनं चाला, म्हणजे आत शिरल्यावर डावीकडून सुरुवात. डाव्या हाताच्या, दक्षिणेकडच्या भिंतीवर सुधनाची कथा आहे. गंडव्यूह सूत्रातला हा व्यापाऱ्याचा मुलगा ज्ञानाच्या शोधात पन्नासहून अधिक गुरूंना भेटतो. भिक्षू, राजा, वैद्य, नावाडी, गणिका, लहान मुलंसुद्धा त्याचे गुरू होतात. सुधन प्रत्येक चौकटीत पुन्हा दिसतो, त्याला शोधत पुढे गेलात की कथा वाचता येते. फिरून उजव्या हाताच्या, उत्तरेकडच्या भिंतीवर आलात की बुद्धचरित्र लागतं: जन्म, महाभिनिष्क्रमण, बोधी, महापरिनिर्वाण. अजिंठा पाहिलेल्यांना हे प्रसंग ओळखायला कोणी सांगावं लागणार नाही. शेवटी गाभाऱ्याभोवतीचा अरुंद प्रदक्षिणामार्ग. त्याच्या भिंतींवर रांगांनी बसलेले भद्रकल्पातले, म्हणजे सध्याच्या युगातले, हजार बुद्ध आहेत. इथे पाठीवरची सॅक भिंतीला घासते, म्हणून सॅक बाहेरच ठेवून या.

काही ठिकाणी वरून खाली तपकिरी ओघळ दिसतील. छपरातून झिरपलेल्या पाण्यानं माती विरघळून खाली आली, तिच्या या खुणा. मातीच्या छपरावर बर्फ साचू दिलं तर ते वितळून आत उतरतं, म्हणूनच या भागात हिमपात थांबला की लोक लाकडी फावडी घेऊन छपरावर चढतात. बर्फ निदान ओढून टाकता येतं, पण पावसावर उपाय नाही. मुळात कोरड्या हवामानासाठी बांधलेल्या या इमारतीला पाऊस अजिबात सोसत नाही. १९ जानेवारी १९७५ च्या किन्नौर भूकंपाचाही ताबोला तडाखा बसला. आज ही वास्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे.

वेळ उरला तर बृहद् मैत्रेयाचं, म्हणजे भावी बुद्धाचं, मंदिर पाहा. बसलेला मैत्रेय सुमारे सहा मीटर उंच आहे. आणि गावाच्या वरच्या अंगाला भिक्षूंच्या ध्यानाच्या गुहा आहेत. वाट गोठलेली असेल तर त्या खालूनच पाहिलेल्या बऱ्या.

प्रश्न (ठाणे): आत फोटो काढता येतात का? टॉर्च कसा न्यावा?

जुन्या मंदिरांच्या आत छायाचित्रण मना आहे. मोबाइलनंही नाही, फ्लॅश बंद करूनही नाही. लामाजींचं लक्ष नसताना चोरून काढू नका. अशा प्रकारांमुळेच ठिकठिकाणी दारं बंद होतात.

टॉर्च १०० ते २०० ल्युमेनचा पुरे. डोक्याला बांधायचा नको, तो दुसऱ्यांच्या डोळ्यांत जातो आणि तुमच्या मानेबरोबर भिंतीवर नाचतो. हातातला घ्या. एकाच जागी रोखून धरू नका. मूर्तींवर प्रकाश समोरून न टाकता बाजूनं, तिरका टाका, म्हणजे मातीतली बोटांची गोलाई आणि वस्त्रांच्या चुण्या उठून दिसतात. चित्रांवर मात्र थोडा लांबून, पसरट प्रकाश बरा. आठ पट मोठं दाखवणारी छोटी दुर्बीण जवळ असेल तर जरूर न्या, वरच्या भिंतीवरचे चेहरे तिच्याशिवाय कळत नाहीत. टॉर्चमध्ये साध्या अल्कलाइन सेलऐवजी लिथियम सेल घाला, थंडीत ते जास्त टिकतात.

बाहेर फोटो काढण्यासाठी: कॅमेऱ्याच्या जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा. कॅमेरा थंडीतून उबदार खोलीत आणताना आधी बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा आणि तासाभरानं उघडा. नाहीतर भिंगाच्या आत दव धरतं.

प्रश्न (अमरावती): मंदिरात चपला-बूट काढावे लागतात. एवढ्या थंडीत तासभर कसं उभं राहायचं? कपड्यांचंही सांगा.

तासभर थांबायचं की दहा मिनिटांत पळायचं, हे पायमोज्यांवरच ठरतं. आतली जमीन दगडासारखी गार असते, आणि बुटात दिवसभर घामानं दमट झालेला मोजा त्या जमिनीवर पाच मिनिटांत बर्फ होतो. म्हणून मंदिरासाठी लोकरीच्या जाड मोज्यांचा एक कोरडा जोड वेगळा ठेवा आणि दारात बदलून आत जा. त्यावर नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे मोजे मिळाले तर उत्तमच. बोटं बधिर व्हायला लागली की बाहेर या, उन्हात बसा, पुन्हा आत जा. भिक्षूंच्या बसण्याच्या गाद्यांवर उभं राहू नका.

अंगावर तीन थर: आत घाम शोषून बाहेर टाकणारं थर्मल (सुती बनियन नको, ते ओलं राहतं), मध्ये लोकर किंवा फ्लीस, वर वारा अडवणारं जाड जॅकेट. जीन्स घरी ठेवा. कानटोपी, गळपट्टी, दोन थरांचे हातमोजे. बर्फावरच्या उन्हासाठी काळा चष्मा हवाच, नाहीतर दिवसाअखेरी डोळे चुरचुरून सुजतात. ज्यांना चष्मा आहे त्यांनी आत गेल्यावर मास्क किंवा गळपट्टी नाकाखाली घ्यावी, काचांवर वाफ धरते.

आणि एक कळकळीची विनंती. बर्फ पडत असेल तर दाराबाहेरच टोपी, खांदे आणि बाह्या नीट झटका. आतलं सगळं मातीचं आहे. जॅकेटवरून ओघळलेलं पाणी गिलाव्याला लागलं तर तो मऊ पडतो.

प्रश्न (सांगली): राहण्या-खाण्याची सोय? पाणी, संडास, हीटर? आम्ही शाकाहारी आहोत.

थंडीत बरीच हॉटेलं बंद असतात. जी घरं पाहुणे ठेवतात ती उघडी मिळतात. मठाचं अतिथिगृह थंडीत चालू आहे का हे निघण्यापूर्वी फोनवर विचारून घ्या. रोख पैसे पुरेसे ठेवा. बीएसएनएल आणि जिओ चालतात, पण वीज गेली की नेटवर्कही जातं.

नळ गोठलेले असतात. पाणी पिंपातून तांब्यानं घ्यायचं, आणि ते कोणीतरी लांबून आणलेलं असतं हे लक्षात ठेवून वापरायचं. अंघोळ विसरा. संडास कोरडे असतात: खाली खोली, वर भोक, शेजारी मातीचा ढीग. वापर झाल्यावर माती टाकायची. त्यात पाणी, प्लास्टिक, सॅनिटरी पॅड टाकायचे नाहीत, कारण तेच खत वसंतात बार्लीच्या आणि वाटाण्याच्या शेतात जातं. वापरलेल्या वस्तू बांधून परत आणा. पिण्याची बाटली रात्री उलटी ठेवा. पाणी वरून गोठतं, त्यामुळे सकाळी बूच मोकळं सापडतं.

खोली गरम करायला पत्र्याची चूल असते, तिला तिथे तंदूर किंवा बुखारी म्हणतात. लाकूड आणि वाळलेलं शेण जळतं, धूर नळीतून बाहेर जातो. झोपण्यापूर्वी नळीचे सांधे पाहा. खोलीत धूर कोंडत असेल तर घरधन्याला सांगा, नळीचं तोंड बर्फानं बुजलेलं असू शकतं. गॅसचा हीटर किंवा कोळशाची शेगडी बंद खोलीत रात्रभर ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेला माणूस उठत नाही. त्याची डोकेदुखी उंचीच्या डोकेदुखीसारखीच असते, म्हणून फसगत होते. एकाच खोलीतल्या सगळ्यांचं डोकं एकदम दुखू लागलं तर आधी दार उघडा. झोपताना हीटर बंद, जाड रजया, आणि पायाशी गरम पाण्याची बाटली, एवढं पुरतं.

जेवणात डाळ-भात, बटाटा, पोळी, भाजीचा थुक्पा (नूडल्सचं सूप), मोमो मिळतात. ताजी भाजी कमी. थुक्पा मांसाच्या रश्शातला असू शकतो, आधीच विचारा. बरोबर डिंकाचे लाडू, मेतकूट, भाजलेले शेंगदाणे, गूळ न्या. उंचीवर भूक मरते, तेव्हा हे थोडं-थोडं पोटात जातं.

प्रश्न (मुंबई): ताबोबरोबर धनकर आणि की मठही थंडीत होतील का?

‘की’ मठ होतो. सुमारे ४,१६६ मीटरवर, काझापासून जवळ, आणि भिक्षू वर्षभर असतात. काझाला एक रात्र काढल्यावरच जा आणि वर झोपू नका. पायऱ्यांवर बर्फ घट्ट झालेलं असतं, बुटांना लावायचे छोटे खिळ्यांचे पट्टे उपयोगी पडतात.

धनकरचं जुनं मंदिर स्पिती आणि पिन नद्यांच्या संगमावरच्या सुळक्याच्या टोकावर आहे. २००६ मध्ये जगातल्या धोक्यातल्या शंभर वारसास्थळांच्या यादीत ते आलं होतं. माती ठिसूळ, कडा उभा. वाटेवर बर्फ असेल तर नव्या मठाच्या बाजूनं पाहून समाधान माना.

एकूण चंडीगड ते चंडीगड दहा-अकरा दिवस धरा आणि त्यावर तीन दिवस मोकळे ठेवा. परतीचं विमानाचं तिकीट त्या तीन दिवसांनंतरचं काढा.

प्रश्न (न्यू जर्सी): माझ्याकडे भारतीय पासपोर्ट आहे, पतींकडे अमेरिकेचा पासपोर्ट आणि ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड. परवाना लागतो का?

तुम्हाला नाही, मूळ ओळखपत्र पुरे. पतींना लागतो, ओसीआय असलं तरी. ताबो गाव स्वतः परवाना लागणाऱ्या पट्ट्यात येत नाही, पण किन्नौरमधून तिथे जाताना जांगी ते सुमदो हा सीमेलगतचा भाग ओलांडावा लागतो, आणि थंडीत दुसरा रस्ताच नाही. परवाना रेकाँग पिओच्या प्रशासकीय कार्यालयात मिळतो. पासपोर्ट, ओसीआय कार्ड, त्यांच्या प्रती आणि फोटो बरोबर ठेवा. रविवारी आणि सरकारी सुट्टीला कार्यालय बंद असतं, म्हणून कल्पाचा तो मोकळा दिवस कामाच्या वारी येईल असा धरा आणि सकाळी दहालाच पिओला उतरा. परवान्याच्या चार-पाच प्रती काढून घ्या, नाक्यावर एक ठेवून घेतात.